ऑर्किस नौकेवरील कंदील

इसवी सन १९४१ च्या मार्च महिन्यांत स्कॉटलंडमधील मल बेटाच्या टोबरमोरी बंदरांत ऑर्किस नांवाच्या एका लहानशा लढाऊ नौकेची परीक्षा चालली होती. लांबी अवघी २०५ फूट, वेग ताशीं १६ सागरी मैल. अटलांटिक महासागरांत व्यापारी गलबतांच्या काफिल्यांचें रक्षण करणाऱ्या ज्या नौकांस इंग्रजांनीं फुलांचीं नांवें दिलीं, त्यांपैकींच ही एक. तिच्यावर दीपगृहाच्या माथ्यासारखा एक भला थोरला कंदील बसविलेला होता. मात्र त्या कंदिलांत दिवा नव्हता! त्याची हकीकत आम्ही वाचकांस सादर करीत आहोंत.

रडार म्हणजे रेडिओच्या लहरी सोडून समोरील वस्तूवरून परतणारा त्यांचा प्रतिध्वनि टिपणारें यंत्र. जर्मनीच्या क्रिस्टियान ह्युल्समायर ह्यानें १९०४ सालींच गलबतांची टक्कर टाळण्याकरितां अशा तऱ्हेचें यंत्र करून दाखविलें होतें. परंतु त्यास गिऱ्हाईक मिळालें नाहीं. इंग्लंडच्या आरमारांत १९३८ सालीं शेफील्ड ह्या क्रूझरवर पहिलें रडार चढलें, तें मुख्यतः शत्रूचीं विमानें हुडकण्यासाठीं. पाण्याखालची पाणबुडी ध्वनियंत्रास सांपडे; पण रात्रीं पृष्ठभागावर येऊन काफिल्यांत शिरणारी पाणबुडी त्यास दाद देत नसे. तिच्यापायीं गलबतांमागून गलबतें आणि हजारों खलाशी समुद्राच्या तळाशीं गेले.

प्रथम विमानांतील दीड मीटर लहरींचें यंत्र घेऊन त्याचा अँटेना नौकांच्या डोलकाठीवर घट्ट बसविण्यांत आला. तो फिरत नसे. ज्या दिशेस पाहावयाचें, त्या दिशेस सगळी नौकाच वळवावी लागे! तथापि त्यास अगदींच नांवें ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. कारण १७ मार्च १९४१ च्या पहांटे व्हॅनॉक ह्या विनाशिकेस यू-१०० ही पाणबुडी त्याच यंत्रानें दिसली, आणि व्हॅनॉकनें तिला धडक देऊन बुडविलें.

खरा पालट घडला तो मॅग्नेट्रॉनमुळें. बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं फेब्रुवारी १९४० मध्यें हें उपकरण सिद्ध केलें, आणि सुमारें दहा सेंटिमीटरच्या आखूड लहरी भरपूर जोरानें निघूं लागल्या. लहर आखूड, म्हणजे लहानशा अँटेन्यांतूनहि झोत बारीक पडतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत स्वॉनेज येथील उंच कड्यावरून अशा यंत्रानें पाणबुडी कित्येक मैलांवर टिपली. आतां एवढेंच राहिलें कीं, कड्यावरचें यंत्र नौकेवर न्यावयाचें कसें?

अँटेना जितका उंच, तितकें त्याचें क्षितिज दूर. तेव्हां डोलकाठीचें टोंक हेंच त्याचें योग्य स्थान, असें कोणासहि वाटेल. परंतु दहा सेंटिमीटरच्या लहरी त्या काळच्या केबलमध्यें फार झपाट्यानें क्षीण होत. वर टिपलेला दुबळा प्रतिध्वनि खालीं यंत्रापर्यंत पोंचेपर्यंत मरून जाई. शिवाय माथ्यावर ओझें चढविलें म्हणजे होडीची काय गत होते, हें आमच्या उत्तन-अर्नाळ्याकडील नाखवांस सांगावयास नको. आणि ह्या फुलांच्या नांवांच्या नौका तर आधींच हेलकाव्यांबद्दल कुप्रसिद्ध होत्या.

शेवटीं उंचीचा लोभ सोडून यंत्राची खोली वर डेकवर बांधली, आणि तिच्या छपरावरच अँटेना उभा केला. त्यामुळें केबल अगदीं आंखूड झाली. अँटेना म्हणजे पनीराच्या अर्ध्या चकतीसारखीं दोन धातूचीं पात्रें, एकावर एक. एक लहरी सोडणारें, दुसरें प्रतिध्वनि झेलणारें. त्यांचा झोत आडवा अरुंद, पण उभा रुंद ठेविला होता, तोहि मुद्दाम. कारण नौका कितीहि कलली तरी समोरची पाणबुडी झोताबाहेर जातां कामा नये. वारा-पाणी लागूं नये म्हणून भोंवतीं पर्स्पेक्सच्या पारदर्शक तक्त्यांचें आवरण घातलें. हाच तो कंदील. तो फिरविण्यास मोटार नव्हती. खालीं बसलेला खलाशी हातानें चाक फिरवी आणि पडद्यावरील रेषेकडे टक लावून पाही. थंडीवाऱ्यांत, हेलकाव्यांत, तासन्‌तास हें काम करणाऱ्या त्या तरुणांचीं नांवें कोणत्याहि इतिहासांत क्वचितच आढळतात, ह्याची आम्हांस खंत वाटते.

टोबरमोरीच्या परीक्षेंत पृष्ठभागावरील पाणबुडी सुमारें पांच हजार यार्डांवर दिसली. नुसता पेरिस्कोपहि सुमारें हजार यार्डांवर कळला. सप्टेंबरपर्यंत तीसएक नौकांवर हे कंदील चढले. १६ नोव्हेंबर १९४१ रोजीं जिब्राल्टरच्या पूर्वेस मॅरिगोल्ड नौकेनें ह्याच यंत्राच्या साहाय्यानें यू-४३३ ही पाणबुडी गांठून बुडविली. तिच्यावरील बहुतेक खलाशी मात्र वांचले. मॅरिगोल्डवाल्यांनींच त्यांस पाण्यांतून वर घेतलें.

ऑर्किस पुढें तीन वर्षें समुद्रावर वावरली. २१ ऑगस्ट १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यापाशीं तिच्याखालीं सुरुंग फुटला, आणि मोडलेल्या अवस्थेंत तिला तेथेंच वाळूवर चढविण्यांत आलें. पाण्याखालचा सुरुंग त्या कंदिलाच्या दृष्टीबाहेरचा होता.