हिशेब विचारणाऱ्याचा पगार कोण देणार?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या लोहाऱ्याकडची सास्तूरसारखी गावंही भुईसपाट झाली. पुढे वर्ल्ड बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. नवीन वसवलेल्या गावांत घर केवढं मिळणार हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंतवाल्याला 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 400, त्याच्या वर 750. आता भूकंपाने काही सातबारा बघून भिंती पाडल्या नव्हत्या! मग सरकारी पैशातलं घर सातबारा बघून का?

हा प्रश्न सिमेंट-सळईचा नाही, नीतीचा आहे. पण त्याचा नीट अभ्यास करायचा तर माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो. तो सरकारने द्यायचा? नियम तर त्यांचाच. ठेकेदार देईल? विसरा!

आपल्याकडे हा घोळ जुना आहे. 1870 ची पुण्याची सार्वजनिक सभा घ्या. सभासद व्हायचं तर निदान 50 जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे प्रश्न विचारायचा अधिकार लोकांकडून. 1876-77 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती स्वतः जमवून सरकारपुढे मांडली. (आपला भाग तेव्हा निजामाकडे, त्यामुळे आपण त्यात नाही.) 1897 मध्ये गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे गेले आणि हिंदुस्थानचा पैसा कुठे खर्च होतो ते आकड्यांनिशी बोलले.

पण एकट्या गोखल्यांवर किती दिवस चालणार? 1930 मध्ये रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिथे 1966 पर्यंत संचालक होते. मुंबईत 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस सुरू झाली. भूकंपानंतर आपल्या भागात पाहणी करायला याच संस्थेची माणसं आली होती. काम सरकारचं होतं, पण ते करू शकणारी माणसं आधीपासून तयार होती ती 1936 च्या देणगीमुळे. मला हे महत्त्वाचं वाटतं. प्रोजेक्टचा पैसा प्रोजेक्टबरोबर संपतो, देणगीतून संस्था उभी राहते.

म्हणजे देणगी आली की प्रश्न सुटला? अजिबात नाही. 2025 मध्ये खुद्द गोखले इन्स्टिट्यूटचा जवळपास दीड कोटींचा निधी दुसरीकडे वळवल्याच्या आरोपावरून पुण्यात पोलिसात गुन्हा दाखल झाला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मान्य. पण दुसऱ्याचा हिशेब तपासणाऱ्याच्या वह्याही कुणीतरी उघडून बघायला हव्यात, एवढं त्यातून नक्की कळतं.

आपण सगळे 80जी ची पावती घेऊन शाळेला देतो, हॉस्पिटलला देतो. चांगलंच आहे ते. पण टेंडर कसं निघालं, घर कुणाला किती आणि का मिळालं, हे शोधणाऱ्याला आपल्यापैकी किती जण पैसे देतात? दिलेच, तर त्याच्याकडूनही दरवर्षी हिशेब मागा. काळ्यांच्या देणगीचा मान त्यानेच राहील.