पंच आणि नडुवर

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या कर्तृत्वाचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे. येथे मात्र मी एका उपेक्षित माणसाचा इतिहास मांडणार आहे. शालेय कबड्डीच्या मैदानावर गळ्यात शिट्टी अडकवून उभा राहणारा पंच, हा तो माणूस होय. खेळाडूंची नावे लोकांच्या ओठांवर राहतात; पंचाची आठवण निघते ती बहुधा वाद झाला तरच.

आपल्याकडील हुतूतूला पूर्वी नेमलेल्या पंचाची गरज नव्हती. खेळणारी मुले एकाच गावची, बहुधा एकाच आळीची. मतभेद झाल्यास पारावरचा कोणी वडीलधारा निवाडा करी आणि खेळ पुढे चाले. कावेरीच्या या खोऱ्यातही हाच खेळ ‘सडुगुडु’ या नावाने खेळला जाई. बंगालमध्ये तो ‘हाडुडू’ होता. प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे आणि चढाई करताना उच्चारावयाचा शब्दही वेगळा.

पंचाची खरी आवश्यकता भासली ती एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या लोकांशी खेळू लागले तेव्हा. 1923 साली बडोद्यास छापील नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. 1950 साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि 1952 साली पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मद्रासमध्ये! हुतूतू आणि सडुगुडु अशा रीतीने एका मैदानावर आले.

या मीलनाची किंमत दोघांनीही मोजली. दम अखंड चालू आहे की नाही, हे पंचाला केवळ कानांनी ठरवावे लागते. दहा प्रांतांचे दहा शब्द असतील, तर कोणता तुटला व कोणता तुटला नाही, हे ओळखणार कसे? म्हणून सर्वांसाठी ‘कबड्डी’ हा एकच शब्द मुक्रर झाला. मैदानावरून आपला ‘हुतूतू’ गेला, तसाच तमिळ ‘सडुगुडु’ही गेला.

कुंभकोणमला लागून असलेल्या साक्कोट्टै गावी सुटीच्या दिवशी शालेय सामन्यांत पंच म्हणून उभे राहण्याची संधी मला काही वर्षे लाभली आहे. गावाच्या नावातील ‘कोट्टै’ म्हणजे आपला कोटच. येथे पंचाला ‘नडुवर’ म्हणतात, म्हणजे मध्यभागी असणारा. आपला ‘पंच’ हा पाचांच्या मुखाने बोलतो. तमिळांचा नडुवर दोघांच्या मधोमध उभा असतो. एकाच अधिकाराची ही दोन नावे मला मोठी अर्थपूर्ण वाटतात.

नव्या पंचाला सर्वांत कठीण जाते ते डोळे आणि कान यांची वाटणी करणे. डोळे चढाईपटूच्या पायांवर हवेत, कान त्याच्या दमाकडे. प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वीच दम सुरू झाला का? निदानरेषा ओलांडली का? बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय अधांतरी होता का, आणि समोर निदान सहा खेळाडू होते का? चार जणांनी पकडलेला मुलगा मध्यरेषेकडे हात लांबवितो, तेव्हा बोट रेषेला आधी लागले की दम आधी सुटला? हे सर्व क्षणार्धात ठरवावयाचे असते. सरपंच व दुसरा पंच साहाय्यास असले, तरी आपल्या बाजूचे आपणच पाहावयाचे. शिट्टी उशिरा वाजली की निर्णय योग्य असूनही मुलांचा विश्वास डळमळतो. चौदा वर्षांच्या मुलाला बाद ठरविताना त्याच्या डोळ्यांत जे दिसते, ते कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही. त्याला न्याय मिळाला असे वाटले, तरच तो पुढच्या चढाईला मनापासून उठतो.

कॅमेरे आले म्हणून पंचाचे काम संपले, असे मानण्याचे कारण नाही. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत व इराण 28–28 असे बरोबरीत होते. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे काही खेळाडूही गेले. काय घडले, ते सर्वांनी पाहिले होते. वाद होता तो जुना नियम लावावा की नवा, याचा. खेळ सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारताने 33–29 असा विजय मिळविला. सर्वांना मान्य असा एक नियम नसेल, तर तीक्ष्ण दृष्टीचाही उपयोग होत नाही, हाच याचा बोध.

आपणांपैकी काही कुटुंबे व्यंकोजी राजांच्या काळापासून या भूमीत आहेत. माझ्यासारखी काही सरकारी बदलीने आली. घरात मराठी, दारात तमिळ, हे आपणां सर्वांचे जीवन. मी कोणत्याच शाळेचा नाही व जवळच्या कोणत्याच गावचा नाही, म्हणूनच दोन्ही पक्षांना चालतो, हे साक्कोट्टैच्या मैदानावर मला उमगले. परकेपण ही नेहमीच उणीव असते असे नाही. निःपक्षपाताने वागल्यास तीच विश्वासाची ठेव होते. आपल्या मुलांनी अंगणात खुशाल ‘हुतूतू’ म्हणावे. मैदानावर मात्र सर्वांचा शब्द उच्चारावा आणि नडुवराचा निर्णय मस्तक लववून मान्य करावा. त्यांच्यापैकी काहींनी पुढे स्वतःच शिट्टी हाती घेतली, तर या भूमीचे आपल्यावर असलेले ऋण अंशतः तरी फिटेल.