माहेराची नोंद नसलेलं रजिस्टर

बीड जिल्ह्यात सरकार बोलायचं ते अख्ख्या गावाशी. दवंडी असो, देवीची लस असो की भिंतीवर गेरूनं लिहिलेली कुष्ठरोगाची पाटी, निरोप सगळ्यांना एकच. मी आरोग्यसेविका म्हणून शिरूर कासार आणि पाटोदा भागातल्या उपकेंद्रांत नोकरी केली, तीही असेच निरोप पोचवत. एखाद्याच घराला सांगावा लागेल असा निरोप सरकारपाशी बराच काळ नव्हताच, आणि त्याची किंमत काही घरांनी मोजली.

डिसेंबर 1995मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. 1997पासून तिला पाळतीची जोड आली. पंधरा वर्षांखालच्या पोराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की लगेच कळवायचं, शौचाचे दोन नमुने एका दिवसाच्या अंतरानं घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून मुंबईला परळच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्रात पाठवायचे. साठ दिवसांनी पोराला पुन्हा बघायचं. तांड्यावस्तीपर्यंत ही शिस्त भिनली, म्हणून तर 2011च्या जानेवारीनंतर देशात वाइल्ड पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही.

पण काही पोरं ‘अचानक’ या शब्दात बसत नव्हती. चार-पाच वर्षांचा मुलगा पळता पळता पडू लागतो. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकत अंग वर ढकलतो. पोटऱ्या मात्र फुगलेल्या, त्यामुळे आजीला वाटतं नातू पैलवान होणार. दहा-बारा वर्षांचा होईतो त्याचं चालणं थांबतं. आईबाप पोराला उचलून दवाखान्यात आणायचे, तिथे उत्तर मिळायचं, ‘पोलिओ नाही.’ पोलिओ नाही तर काय आहे, हे सांगायला आमच्या फॉर्मात जागा नव्हती. मग देवऋषी, मग कुणाच्या तरी ओळखीनं अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, आणि तिथून पुढे मुंबई-पुणे. 1995च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, म्हणून दाखल्यावर ‘अस्थिव्यंग’ लिहून यायचं. एसटीची सवलत मिळायची, आजाराचं नाव मिळायचं नाही.

त्याचं नाव डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. फ्रान्सच्या डुशेन या डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं आणि 1980च्या दशकात त्याचा जीन सापडला. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. सीपीके या स्नायूंतल्या एन्झाइमची रक्ततपासणी केली तरी संशय पक्का होतो. बहुतेक वेळा दोष आईच्या एक्स गुणसूत्रातून येतो. आईला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता असते. सुमारे एक तृतीयांश मुलांत मात्र तो नव्यानंच उपजलेला असतो.

आमच्याकडे जन्मजात आजारांवर एक तयार निरोप होता: नात्यात लग्न करू नका. मामाच्या मुलीशी सोयरीक इकडे नेहमीची, आणि थॅलेसेमियासारख्या आजारात तो सल्ला बरोबरही आहे. डुशेनमध्ये मात्र नवरा नात्यातला असो की परका, काही फरक पडत नाही. तरी आईबापाला वाटायचं, आपण पाप केलं.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स यांचं पथक गाडीनं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणार असं ठरलं. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत डुशेन नाही, पण उशिरा चालणं, हालचालीतली अडचण हे आहे. पोराला खाली बसवून ‘ऊठ बरं’ म्हणणारं कुणी तरी गावात येऊ लागलं. मात्र दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोयते निघाले की आमच्या शाळांचे वर्ग अर्धे होतात. पथक हिवाळ्यात आलं तर पोरं आईबापाबरोबर कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर. पुढे 2016चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017पासून लागू झाला. प्रकार सातांचे एकवीस झाले आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे नाव सरकारी कागदावर आलं. 2021च्या दुर्मीळ आजार धोरणात डुशेन महागड्या उपचारांच्या तिसऱ्या गटात गेला. मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणातलं एक उत्कृष्टता केंद्र ठरलं.

इतकं झालं तरी आजारी पोराच्या मावशीला कुणी सांगितलं नाही.

आमचं कुटुंब रजिस्टर घर क्रमांकाप्रमाणे चालतं, म्हणजे सासरप्रमाणे. डुशेन चालतो माहेराच्या वाटेनं. पाटोद्यातल्या पोराला आजार निघाला आणि दोष आजीकडून आलेला असला, तर केजला दिलेली त्याची मावशीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिला पहिला मुलगा होण्याआधी हे कळायला हवं. पण ती दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या सेविकेच्या रजिस्टरात, आणि तिथे तिच्या बहिणीचं नाव नाही.

त्यात बीडची आणखी एक गोष्ट. 2011च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली भरल्या. 2012मध्ये परळीचं गर्भपाताचं प्रकरण गाजलं आणि सोनोग्राफी केंद्रांवर नजर कडक झाली, ते व्हायलाच हवं होतं. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी सगळ्यांना पाठ झाली. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या त्याच 1994च्या कायद्यात लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्याची मुभा आहे. बंदी गावाला सांगायची होती, ती भिंतीवर आली. मुभा एका घराला सांगायची होती, ती कायद्याच्या पुस्तकातच राहिली.

शिवाय सांगायचं कुणासमोर? ‘दोष आईकडून’ हे वाक्य सासूच्या पुढ्यात उच्चारलं की त्या सुनेची धडगत नाही. म्हणून मी म्हणते, हे माहेरी सांगावं, नागपंचमीच्या आठवड्यात. तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, कोयते अजून घरीच असतात, सगळ्या बहिणी एका ओसरीवर भेटतात. पोलिओच्या एका संशयित पोरासाठी आम्ही शेजारची घरं धुंडाळायचो. आशा कार्यकर्ती आता गावोगाव आहे, तिच्या वहीत आईचं माहेर आणि मावश्यांची गावं एवढे दोन रकाने वाढवले, तर तेच काम माहेरापर्यंत नेता येईल.