समुद्राच्या औषधावर वाढलेलें गांव

समुद्रावर हवा खावयास जाणें ही गोष्ट आपणांस इतकी सहज वाटते कीं, एके काळीं त्यासाठीं डॉक्टरची चिठ्ठी लागत असे हें सांगितलें तर खरें वाटणार नाहीं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनची कथा अशाच एका चिठ्ठीपासून सुरू होते.

अठराव्या शतकाच्या आरंभीं ब्रायटन हें कोळ्यांचें, खंगत चाललेलें गांव होतें. १७०३ व १७०५ च्या वादळांनीं किनाऱ्यालगतची वस्ती उद्ध्वस्त केली होती. गांवाच्या कडेला स्टीन नांवाचें मोकळें पटांगण होतें; तेथें कोळी आपलीं जाळीं वाळत घालीत. शेजारच्या ल्यूइस गांवच्या रिचर्ड रसेल नांवाच्या डॉक्टरानें १७५० सालीं ग्रंथिरोगांवर लॅटिन भाषेंत एक प्रबंध लिहिला. समुद्राच्या पाण्यांत स्नान करावें, इतकेंच नव्हे तर तें प्यावेंहि, असा त्याचा उपदेश! १७५३ सालीं त्यानें स्टीनच्या टोकाला घर बांधलें, आणि त्याच्या मागोमाग रोगी आले. चाकांच्या लाकडी खोलींत बसवून त्यांना पाण्यांत नेत, व तेथें धट्ट्याकट्ट्या बायका त्यांना धरून बुडी देत. त्यांत मार्था गन ही फार नांवाजली. या उपचारांत औषध किती आणि श्रद्धा किती, हें वैद्यांनीं ठरवावें. माझ्या मतें खरा गुण शहरी धुरापासून आणि घरच्या शिष्टाचारापासून मिळालेल्या सुटकेचा होता.

१७८३ सालीं युवराज जॉर्ज तेथें प्रथम आला. निमित्त मानेच्या गांठींचें. पण कडक बापापासून दूर राहण्याची सोय ही कांहीं लहान गोष्ट नव्हती. त्याच्यासाठीं जॉन नॅशनें १८१५ पासून जो राजवाडा नव्यानें रचला, त्याचे घुमट बाहेरून हिंदुस्थानी व आंतील सजावट चिनी. गंमत अशी कीं, नॅशनें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. तो पाहिलेला गृहस्थ मात्र गांवांतच होता. पाटण्यास १७५९ मध्यें जन्मलेला दीन महंमद, कंपनीच्या फौजेबरोबर वाढलेला. लंडनमधील त्याचें कॉफीगृह बुडालें, तेव्हां त्यानें ब्रायटनला वाफेचीं स्नानें व चंपी यांचें दुकान थाटलें, आणि अखेर दोन राजांचा चंपीवाला म्हणून मिरविला. आज ज्याला आपण 'शांपू' म्हणतों, त्या शब्दाचें मूळ आपल्या चंपींतच आहे.

आगगाडीनें ब्रायटन वाढविलें असें सर्रास म्हणतात. तें अर्धेंच खरें. १८०१ सालीं सुमारें ७,००० असलेली वस्ती १८४१ पर्यंत ४६,००० वर गेली होती; आणि लंडनची गाडी सुरू झाली ती त्याच वर्षीं! तिनें आणली ती वेगळ्या लोकांची गर्दी: कारकून, दुकानदार, मजूर. ती राणी व्हिक्टोरियाला रुचली नाहीं. तिनें येणें सोडलें, आणि १८५० सालीं नगरानें तो राजवाडा सुमारें ५३,००० पौंडांस विकत घेतला. राजाचें क्रीडास्थान नागरिकांचें झालें, हें छानच झालें. परंतु स्टीनवर तोंवर कठडे व बागा आल्या होत्या, आणि जाळीं वाळविणाऱ्यांना तेथें जागा उरली नव्हती. ज्यांच्या समुद्रानें गांवाला नांव दिलें, त्यांनाच पहिल्यानें बाजूला सरावें लागलें.

पुढें १९१४ च्या डिसेंबरांत याच घुमटांखालीं जखमी हिंदी शिपायांच्या खाटा मांडल्या गेल्या. जातिधर्मांप्रमाणें तेथें निरनिराळीं स्वयंपाकघरें होतीं. जे वांचले नाहींत त्यांपैकीं ५३ हिंदू व शीख शिपायांचें दहन गांवाबाहेरच्या टेकडीवर झालें. पुण्यास वानवडीची शिंद्यांची छत्री ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना त्या टेकडीवरील संगमरवरी घुमट परका वाटणार नाहीं. तो १९२१ सालीं उभा राहिला, आणि इंग्रजहि त्याला 'छत्री' असेंच म्हणतात.