घर राखणारे

प्रवासवृत्ते वाचीत असता एक गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवसांपासून खटकत आली आहे. प्रवासी कोठे उतरला, काय जेवला, कोणते राजवाडे त्याने पाहिले, याची हकीकत सविस्तर मिळते. परंतु तो गेल्यावर त्याच्या अंगणातील तुळशीला पाणी कोणी घातले, गोठ्यातील गाय कोणी पिळली, याविषयी बहुधा अवाक्षर सापडत नाही. गोडसे भटजींसारखा एखादाच अपवाद. त्यांनी १८५७ च्या धामधुमीतून वाट काढीत गंगेचे पाणी कावडीने वरसईस आणले व घरी राहिलेल्या मातापितरांस त्याने स्नान घातले. जाणाऱ्याच्या पुण्यात राहणाऱ्याचाही वाटा असतो, ही जाणीव त्या भिक्षुकास होती. पुढच्या शिकल्यासवरल्या प्रवाशांत ती क्वचितच आढळते.

आमच्या वैनगंगेच्या मुलखात म्हाताऱ्या जोडप्याचा लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रा. (गोंदिया जिल्हा १९९९ च्या १ मे रोजी वेगळा झाला, तोपर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता.) आगगाडी येण्यापूर्वी नागपूर, शिवनी, जबलपूर, मिर्झापूर अशा सडकेने जावे लागे, आणि परत येण्याचा भरवसा नसल्याने लोक निरवानिरव करूनच निघत. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपुरावरून जबलपूरपर्यंत छोटी लाईन झाली आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. मालगुजार सपत्नीक निघाला म्हणजे वाडा दिवाणजीच्या आणि गुरेढोरे सालदाराच्या स्वाधीन होत. यजमान परतल्यावर मावंदे होई, गाव जेवे. सालदार मात्र त्या दिवशीही पाणी वाहत असे. मालगुजारी १९५१ साली गेली. घर राखणाऱ्याचे नाव कोठे लिहून न ठेवण्याची चाल मागे राहिली.

समुद्रापलीकडील प्रवासाची कथा थोडी निराळी आहे. नागपूरच्या पार्वतीबाई चिटणवीस यांचे ‘आमचा जगाचा प्रवास’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. पतीबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या वऱ्हाड-मध्यप्रांतातील स्त्रीने स्वतः लेखणी धरावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. पुस्तकाच्या नावातील ‘आमचा’ हा शब्द आम्हांस विशेष आवडतो. परंतु असा प्रवास द्रव्यबळ असणाऱ्यांसच शक्य होता. ज्यांपाशी ते नव्हते, त्यांस परदेशी दुसऱ्याच्या छपराखालीच राहावे लागे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, त्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी पाहुण्या म्हणून राहिल्या. धोंडो केशव कर्वे यांनी १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाल्यावर, पुढे १९२९ साली महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान पालथे घातले, त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पलीकडे होते. पेन्शनीत गेलेला प्रोफेसर म्हणजे कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र चाळणारा प्राणी, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. (आमची स्वतःची निवृत्ती जवळ येत चालली असल्यामुळे हे उदाहरण आम्ही हल्ली घरात वारंवार देतो.)

या सर्वांहून विलक्षण प्रवास कर्व्यांच्या मेहुणीचा. पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या, शिक्षण मागाहून झाले, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, त्या हिंगण्याच्या आश्रमाचे कार्य मनात धरून एकट्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जेमतेम, पैसा नाही. तेव्हा त्यांनी अमेरिकन कुटुंबांत घरकाम पत्करले आणि तेथेच भाषाही शिकल्या. भांडी घासणारी बाई भाषा शिकण्यास आली आहे, हे त्या घरच्या लोकांस प्रथम कितपत उमगले असेल? स्वदेशी परतून ‘माझी कहाणी’ १९२८ साली प्रसिद्ध झाली, तीत त्यांनी हा भाग दडविला नाही. कोकणातल्या ब्राह्मण घरातील विधवेने परक्यांची मोलकरीण होणे, आणि ते छापून सांगणे, यास जे धैर्य लागते ते आगबोटीत चढण्याच्या धैर्याहून मोठे आहे असे आम्ही समजतो. पाहुणा आणि नोकर यांमधील रेषा त्यांनी ओलांडली. पण ती पुसली गेली नाही.

ती आजही पुसलेली नाही. हल्ली इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत एक नवी रीत रूढ झाली आहे. घरधनी सुटीवर जातो आणि परगावचे, पुष्कळदा निवृत्त, जोडपे त्याच्या घरी येऊन राहते, कुत्र्यामांजरांस सांभाळते, बागेस पाणी घालते. वेतन नाही आणि भाडेही नाही. अशा गाठी घालून देणारी ट्रस्टेड हाऊससिटर्स ही संस्था २०१० साली इंग्लंडात निघाली. ती उभय पक्षांकडून वर्गणी घेते. जाणारा आणि राखणारा या दोन भूमिका येथे एकाच माणसाकडे आल्या. परंतु २०२२ साली कॅनडात मांजर सांभाळण्यास निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन स्त्रीस लॉस एंजेलिसच्या विमानतळावरूनच परत पाठविण्यात आले. तिने पूर्वी अमेरिकेत अशीच राखण केली होती, आणि निवाऱ्याच्या मोबदल्यात मांजर सांभाळणे हे कामच होय, अशी तेथील अधिकाऱ्यांची भूमिका होती. पार्वतीबाईंस हा वाद ऐकून हसू आले असते.

आमचे एक निवृत्त स्नेही गोंदियातच राहतात. दोन वर्षांपूर्वी ते सपत्नीक ऑस्ट्रेलियात कन्येकडे गेले असता तिचे शेजारी तीन आठवड्यांसाठी बाहेरगावी निघाले आणि घर व म्हातारा कुत्रा यांजकडे सोपवून गेले. जाताना चार पाने टाचण ठेवले : औषध किती वाजता, फिरावयास कोणत्या रस्त्याने न्यावे, मेघगर्जना झाली तर कोणत्या खोलीत बसवावे. स्नेह्यांनी ते टाचण जपून आणले आणि आम्हांस कौतुकाने वाचून दाखविले. आमच्या कुटुंबाने मध्येच विचारले, “आणि येथल्या मोत्याचे कोणी पाहिले?”

मोत्याचे अर्जुनीकडच्या एका वृद्धाने पाहिले होते. तीन महिने तो त्यांच्या ओसरीवर निजला. त्याच्यापाशी किल्ली, तांदळाचे पोते आणि काही रुपये एवढे ठेवले होते, टाचण नव्हते. निघताना तो इतकेच म्हणाला होता, “काळजी नोका करू जी.” स्नेही जरा ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यास बोलावून खुर्ची दिली. तो खालीच बसला. मग त्याने सांगितले, की रात्री हावड्याची गाडी शिटी देते तेव्हा मोत्या उठून फाटकापाशी जातो आणि गाडी गेल्यावरच परततो. पहिला महिनाभर तो भात खात नव्हता, बाईंची जुनी साडी खाली अंथरल्यावर खाऊ लागला. आणि मागच्या खोलीची भिंत पावसात पाझरते, तिकडे मालकांनी लक्ष द्यावे. स्नेह्यांनी कागद घेतला आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.