८० अधिक ६० बरोबर १००

साल १५८६, गाव लायडन. प्लांतँच्या छापखान्यात शाईचा आणि भिजवलेल्या कागदाचा वास कोंदलाय. लाकडी प्रेसचा दांडा कुरकुरतो आणि एक ओलं पान तुमच्या हातात येतं. सिमॉन स्टेव्हिनच्या वजनशास्त्रावरच्या पुस्तकाचं हे मुखपृष्ठ. त्यावर एक त्रिकोणी ठोकळा आहे. त्याचा एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब, आणि ठोकळ्यावरून चौदा सारख्या गोळ्यांची माळ टाकलेली. लांब उतारावर चार गोळे, आखूड उतारावर दोन, उरलेले आठ खाली लोंबताहेत.

माळ आपोआप फिरेल का? बोट ठेवून बघा. एकेक गोळा पुढे सरकला तरी चित्र होतं तसंच राहतं. म्हणजे एकदा फिरली की ती कायमची फिरत राहणार, आणि असं फुकटात चालणारं यंत्र स्टेव्हिनला मान्य नाही. मग माळ स्थिरच. आता खालचे आठ गोळे मनातल्या मनात छाटून टाका. ते दोन्हीकडे सारखेच ओढत होते, त्यामुळे काही बिघडत नाही. उरले एकीकडे चार आणि दुसरीकडे दोन, तरी तोल सांभाळलेला!

तराजूत घातले तर चार गोळे दोनांना केव्हाच खाली बसवतील. गोळ्यात द्रव्य किती, एवढंच विचारायचं असेल तर एक आकडा पुरतो. वस्तुमान ही अदिश राशी. पण गोळ्याचं वजन हे बल आहे आणि ते सरळ खाली ओढतं. उतार सौम्य असेल तर त्या ओढीतला थोडाच हिस्सा उताराच्या वाट्याला येतो. चार गोळ्यांचे चार थोडे हिस्से आणि दोन गोळ्यांचे दोन मोठे हिस्से बरोबरीत सुटले. सदिश राशीचं गणित इथे नाव न घेताच सुरू झालंय.

पुढे निघताना १६८७ च्या लंडनमध्ये न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ जरा चाळा. गतीच्या तीन नियमांना लागूनच पहिलं उपप्रमेय आहे: दोन बलं एकदम लागली की वस्तू समांतरभुज चौकोनाच्या कर्णावरून जाते. म्हणजे बेरीज जमली. गुणाकार मात्र आणखी दीडशे वर्षं कोणाला जमणार नाही.

ऑक्टोबर १८४३. डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेत न्याहारी चालू आहे. सर विल्यम रोवन हॅमिल्टन खाली येतात आणि मुलं रोजचा प्रश्न टाकतात: बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? बाबा मान हलवतात. त्रिकुट म्हणजे तीन आकड्यांचा गट. त्यांची बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार काही हाती लागत नाही.

१६ तारखेला, सोमवारी, ते रॉयल आयरिश अकादमीच्या बैठकीला निघालेत. सोबत पत्नी आहे. रॉयल कालव्याच्या काठाने त्यांच्या मागून चाला. पत्नी अधूनमधून काही बोलते, त्यांचं लक्ष आहे आणि नाहीही.

तेवढ्यात कालव्याकडे बघा. घोडा काठावरून चालतोय आणि लांब दोराने नाव ओढतोय. घोडा काठावर, नाव पाण्यात, त्यामुळे दोर तिरपाच. समजा दोर १०० न्यूटन बलाने ताणलाय आणि त्यातले ८० नावेला पुढे नेतात. उरले किती? २० म्हणाल तर फसाल. काठाकडे खेचणारा भाग ६० आहे, कारण ८० आणि ६० एकमेकांना काटकोनात आहेत आणि १०० हा त्यांचा कर्ण. त्या ६० पायीच सुकाणूवाला नावेचं नाक सारखं काठापासून दूर वळवत राहतो. त्याला हे गणित कोणी शिकवलेलं नाही, हाताला मात्र ते पक्कं ठाऊक आहे.

ब्रूम पुलाशी हॅमिल्टन एकदम थांबतात. तीन घटकांनी भागत नाही, चौथा लागतो! ते खिशातून चाकू काढतात आणि पुलाच्या दगडावर कोरतात: आय, जे, के या तीन एककांचे वर्ग आणि या तिघांचा गुणाकार, सगळे उणे एकाइतके. याची किंमतही आहे. आय गुणिले जे म्हणजे के, पण जे गुणिले आय म्हणजे उणे के. क्रम बदलला की उत्तर बदललं. या चार घटकांच्या संख्येला त्यांनी क्वाटर्नियन म्हटलं. पुढच्या काही वर्षांतच तिच्या एकट्या घटकाला त्यांनी स्केलर, म्हणजे आपला अदिश, आणि उरलेल्या तिघांच्या गटाला व्हेक्टर, म्हणजे सदिश, म्हणायला सुरुवात केली.

१८८१, न्यू हेवन. येल विद्यापीठात जोसाया विलर्ड गिब्ज विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका छापून घेतायत. उरलेला भाग १८८४ मध्ये येईल. क्वाटर्नियनचा गुणाकार त्यांनी चक्क दोन तुकड्यांत फोडलाय. मघाची नाव आठवा. ती दहा मीटर पुढे सरकली तर कार्य झालं ८० गुणिले १०, म्हणजे ८०० ज्यूल. या ८०० ला दिशा नाही. हा अदिश गुणाकार, आणि हॅमिल्टनकडचं त्याचं उणे चिन्ह गिब्जनी काढून टाकलंय. आता दोर नावेच्या मध्यापासून पाच मीटर पुढे बांधलाय असं धरा. नावेला वळवणारं आघूर्ण झालं ६० गुणिले ५, म्हणजे ३००, आणि त्याचा अक्ष पाण्याच्या पृष्ठभागाला लंब. हा सदिश गुणाकार. एकाच दोरातून दोन निराळी उत्तरं निघाली.

लंडनमध्ये ऑलिव्हर हेविसाइड स्वतंत्रपणे याच वाटेवर आहेत, त्यांना विजेची समीकरणं सुटसुटीत हवीत. हॅमिल्टनचे अनुयायी पीटर टेट मात्र भडकलेत. ‘नेचर’च्या पानांवर वाद पेटेल. पण १९०१ मध्ये गिब्जच्या व्याख्यानांवरून एडविन विल्सन यांचं पाठ्यपुस्तक निघेल आणि त्याच रीतीने जग शिकेल.

परतीच्या वाटेवर १८४५ च्या क्योनिग्सबर्गमध्ये उतरा. एकविशीतला विद्यार्थी गुस्टाफ किर्खहोफ विद्युतप्रवाहाचे नियम मांडतोय. एका सांध्याला दोन तारा येतात, एकीतून ३ अँपिअर, दुसरीतून ४. तिसरीतून किती बाहेर पडतील? सात. तारा काटकोनात वाकवा, समोरासमोर आणा, कशाही वळवा, सातच. तीन आणि चारची दोन बलं काटकोनात लावली असती तर पाच मिळाले असते.

प्रवाहाला बाण असतो, तरी तो अदिश. ‘परिमाण आणि दिशा असली की सदिश’ ही वहीतली ओळ इथे अपुरी पडते. एखादी राशी कोणत्या जातीची, हे तिच्या डोक्यावरच्या बाणाला विचारून कळत नाही. तिच्याच जातीची दुसरी राशी तिच्यात मिळवून पाहा. समांतरभुज चौकोनाच्या नियमाने बेरीज होत असेल, तरच ती सदिश.