‘कास्ट’ : शब्द परका, व्यवस्था आपली

मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या जिल्हा शालेय मंडळाने जातीय भेदभावाची दखल घेणारा ठराव संमत केला आणि ‘कास्ट’ हा शब्द कॅनडातील शाळांच्या कारभारात आला. या विषयावर आपण बोलू लागलो की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : हा शब्द मुळात पोर्तुगीजांचा, तेव्हा ही व्यवस्थाही परकीयांनीच भारतावर लादली.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. लॅटिन भाषेत ‘कास्टुस’ म्हणजे शुद्ध. त्यापासून पोर्तुगीज व स्पॅनिश ‘कास्ता’ आला, असे अनेक कोशकार मानतात. वंश, कूळ, जनावरांची पैदास हे त्याचे अर्थ. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पुढे गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात, येथे बापाचा धंदा मुलाला सोडता येत नाही, असे नोंदवताना चर्मकारांच्या ‘कास्ता’चा उल्लेख केला. कालांतराने हाच शब्द इंग्रजीत रुळला.

उत्तरार्ध मात्र असत्य आहे. ओर्ताने जे पाहिले त्याला स्वतःच्या भाषेतले नाव दिले. ती व्यवस्था त्याने आणलेली नव्हती. ‘जाति’ हा पाली शब्द त्याहून कितीतरी प्राचीन. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण तथागतांना विचारतात : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? तथागत सांगतात की गवत, कीटक, पक्षी यांच्यात जन्माने भेद दिसतात; माणसामाणसांत तसे भेद नाहीत. आणि वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्या दीड शतकापूर्वीच चोखोबांना पंढरीच्या मंदिराबाहेर उभे राहावे लागले होते.

‘कास्ट’च्या पोटात शुद्धतेची कल्पना दडलेली आहे, म्हणून शुद्धता हेच जातीचे मर्म मानण्याचा मोह होतो. बाबासाहेबांनी तो १९१६ मध्येच दूर सारला. ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की विटाळाची कल्पना जातीला चिकटली, ती पुरोहितवर्ग सर्वोच्च स्थानी होता म्हणून. जातीचे खरे लक्षण आहे जातीअंतर्गत विवाह. जात टिकते ती लग्न ठरवणाऱ्या घराघरांतून.

म्हणूनच ती समुद्र ओलांडू शकते. एप्रिल २०२३ मध्ये बर्नबी नगरपरिषदेने जातीय भेदभावाविरुद्ध ठराव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने स्पष्ट केले की जातीवरून होणारा भेदभाव वंश, पूर्वजपरंपरा, श्रद्धा या विद्यमान आधारांखाली प्रतिबंधित आहे.

आपल्या मुलांनी या शब्दाचे कूळ अवश्य जाणावे. ‘हा शब्द तुमचा नाहीच’ असे कोणी म्हणाले, तर त्यांनी शांतपणे उत्तर द्यावे : शब्द लॅटिनचा असेल, पण ज्या गोष्टीला तो नाव देतो ती आमच्या आजी-आजोबांनी भोगली आहे, आणि तिला नकार देणारी परंपराही आमचीच आहे.